शेजारच्या काकू अचानक गेल्या, त्यांच्यासाठी काय करता येईल?

डोंबिवली_पूर्व:
नमस्कार मंडळी. आमची जुनी तीन मजली बिल्डिंग आहे, समोरच्या दारातल्या काकू गेल्या आठवड्यात गेल्या. हार्ट अटॅक. सकाळी दूध घेताना आईला म्हणाल्या की शेवग्याच्या शेंगा आणल्यात, आमटी पाठवते, आणि तासाभरात काकांची हाक ऐकून आई धावली तर ओट्यापाशी पडलेल्या. १०८ ला फोन केला, गाडी आली पण डॉक्टर म्हणाले आधीच संपलंय. ना बीपी ना शुगर, निदान कोणाला माहीत तरी नव्हतं.

अख्ख्या मजल्याच्या चाव्या त्यांच्याकडे, दारामागे खिळे ठोकलेली फळी आणि प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाची लेस. कुरिअर त्यांच्याकडे, सिलेंडर आला तर पैसेही त्याच देऊन ठेवायच्या. मे महिन्यात गच्चीवर कुरडया घालायच्या आणि आम्हा पोरांना कावळे हाकलायला बसवायच्या, बदल्यात वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून. भांडायच्याही तेवढ्याच हां, जिन्यात चपला दिसल्या की संपलंच.

आता कमिटीतले काही जण म्हणतात गेटवर मोठा फ्लेक्स लावू, 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली सगळ्या कमिटीचे फोटो. काकूंना फ्लेक्सचा भयंकर राग यायचा, मला तर कसंतरीच होतंय. काका आता एकटे, मुलगी बंगळूरला असते. तेराव्याच्या आत काहीतरी ठरवायचंय. तुमच्याकडे असं झालं तेव्हा काय केलंत?

चाळकरी:
फार वाईट वाटलं वाचून. आमच्या गिरगावच्या चाळीत अजून त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही, शेजारचेच पिठलं-भात नेतात. पण ते सोपं असतं हो, पाहुणे असतात, गर्दी असते. खरी पंचाईत तेराव्यानंतर, सगळे आपापल्या गावी गेले की. चार घरांनी वार वाटून घ्या. आणि डबा दारात देऊन पळू नका, जरा टेका, दोन घास त्यांच्याबरोबर खा. आमच्या शेजारच्या आजोबांनी तर महिन्याभराने सांगितलं की डबे पुरे आता, कुकर लावायला शिकवा.

नोटरी_काका:
भावना समजतात, पण काकांच्या कागदपत्रांकडे कोणीतरी बघा, ह्या दिवसांत माणसाचं डोकं चालत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, महापालिकेकडून दाखल्याच्या कॉप्या जरा जास्तच घ्या. काकूंचं सिम लगेच बंद करू नका, बँकेचे नि गॅसचे मेसेज त्यावरच येत असतात. पण त्यांच्या एटीएम कार्डाने पैसे काढायचे नाहीत, मग कितीही घरचे असले तरी. आणि फ्लॅट काकूंच्या नावावर असेल तर एक लक्षात ठेवा, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हक्क वारसांचा. मुलीला हे नीट समजावून सांगा.

ट्रेकर_नाशिक:
फ्लेक्सच्या पैशात बिल्डिंगमध्ये सीपीआरचं (हृदय बंद पडलं तर छाती दाबतात ते) ट्रेनिंग ठेवा की. छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटीमीटर खोल, गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. दुपारी एका तासात शिकून होतं, वॉचमनला पण बसवा.

सुगरण_सांगली:
ट्रेकर, कल्पना चांगली आहे पण आत्ता नको रे. ज्या आईने त्यांना पडलेलं बघितलं तिला आठ दिवसांनी तेच शिकायला बसवणार? ती रात्रभर हाच विचार करत बसेल की मला येत असतं तर. दोन-तीन महिने जाऊ देत.
बाकी फ्लेक्सवर एवढी चर्चा चाललीय, काकांना विचारलंय का कोणी? आमच्या गल्लीत असाच एक फ्लेक्स पोरांनी नको म्हणून काढला तर त्या घरच्या बाई म्हणाल्या, राहू द्यायचा होता, येणारेजाणारे थांबून नमस्कार करत होते.

डोंबिवली_पूर्व:
सुगरणताई, आजच विचारलं. काका म्हणाले फ्लेक्स नको, जिन्यात छोटा फोटो आणि हार चालेल, आणि कमिटीची नावं बिलकुल नकोत (हे जरा जोरातच म्हणाले). डब्यांचे वार ठरलेत, मंगळवार-शुक्रवार आमच्याकडे. सीपीआरचं गणपतीनंतर बघू, आईला तोपर्यंत काही बोलत नाहीये.
नोटरीकाका, सिमचं बरं सांगितलंत, बंगळूरची ताई उद्याच बंद करायला निघाली होती. अजून एक, विम्यासाठी मृत्यूचं कारण लागतं म्हणतात, ते दाखल्यावर असतं का?

नोटरी_काका:
नाही, दाखल्यावर कारण छापत नाहीत. मृत्यू घरी झालाय तर डॉक्टरांनी '४ए' फॉर्म दिला असेल, कारण त्यात लिहिलेलं असतं. ओरिजिनल नोंदणीसाठी जातो, आधी झेरॉक्स काढली असेल तर ती शोधा, नाहीतर त्याच डॉक्टरांना भेटून लेखी घ्या. विमा कंपनीकडे जायच्या आधी त्यांच्या कागदांची यादी फोनवरच विचारा, काकांना उगाच हेलपाटे नकोत.