फ्रँकलिन मिंटच्या पदकांबद्दल

'मर्यादित आवृत्ती आहे, म्हणजे पुढे भाव चढणारच' असं संग्राहक पदकांबद्दल म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या फ्रँकलिन मिंटचंच बघा. जोसेफ सेगल यांनी १९६४ मध्ये काढलेली ही पदकं पाडणारी खाजगी कंपनी. वर्गणीदारांना ठरावीक काळाने एकेक पदक पाठवून संच पुरा करायचा, ही तिची पद्धत होती. आवृत्ती मर्यादित खरी, पण पुष्कळदा मुदतीत जितके वर्गणीदार येतील तितक्या संचांची! मग दुर्मिळता येणार कुठून? १९८० च्या जानेवारीत चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास गेली, तेव्हा असे कितीतरी चांदीचे संच वितळवायला थेट भट्टीत गेले. कारागिरी मात्र खरंच देखणी, प्रूफची (आरशासारख्या चकचकीत घडणीची) झळाळी तर अप्रतिम. आवडलं तर जरूर घ्या, फक्त स्टर्लिंगचा (९२.५ टक्के चांदी) शिक्का बघा, वजन करा आणि चांदीच्या भावाहून फार जास्त देऊ नका.