एक्सेलमध्ये फॉर्म्युल्याचे सेल लॉक करायचेत पण लिटर-फॅट भरायला मोकळं ठेवायचंय, कसं करायचं?

खानापूरचा पोरगा
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या दूध संकलनाचा हिशेब मी एक्सेलमध्ये बसवलाय. सभासद नंबर, नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग), दर, रक्कम एवढेच कॉलम. नाव आणि दर दुसऱ्या शीटवरनं आपोआप येतात, रक्कम म्हणजे लिटर गुणिले दर. सकाळी दोन पोरं एंट्री करूलेत, चांगली आहेत दोघं, पण गर्दीत कुणीतरी रकमेच्या सेलमध्ये थेट आकडा टाईप केला आणि फॉर्म्युला गेला. तीच शीट रोज कॉपी करून वापरतो त्यामुळं चूक रोज पुढं येत राहिली. एकच म्हैस असलेल्या एका आजीचं दहा दिवसांचं बिल २८० रुपयांनी कमी निघालं, त्या वही घेऊन आल्या म्हणून कळलं. लई वाईट वाटलं बघा.
आता दर-रक्कम सिलेक्ट करून लॉक करायला गेलो तर लॉक्डवर टिक आधीच होती. मग प्रोटेक्ट शीट केलं तर सगळंच बंद, लिटर पण टाकायला येईना. काय चुकूलंय?

टिळकवाडीची ताई
तुझं काही चुकलं नाही रे, फक्त उलटं कर. एक्सेलमध्ये प्रत्येक सेल मुळातच लॉक्ड असतो, पण शीट प्रोटेक्ट करेपर्यंत त्या लॉकचा काही उपयोग नसतो. म्हणून आधी मोकळे करायचे सेल मोकळे करायचे. नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ हे चार कॉलम कंट्रोल दाबून सिलेक्ट कर, महिनाभराच्या जेवढ्या ओळी लागतील तेवढ्या, वरची हेडिंगची ओळ सोडून. मग कंट्रोल १, प्रोटेक्शन टॅब, लॉक्डची टिक काढ, ओके. त्यानंतर रिव्ह्यू मध्ये प्रोटेक्ट शीट. तिथं जी यादी येते त्यात सिलेक्ट लॉक्ड सेल्सची टिक काढलीस तर पोरांना दर-रकमेवर क्लिकच करता येणार नाही, आणि टॅब दाबलं की कर्सर फक्त भरायच्या सेलमधनंच फिरतो. गर्दीच्या वेळी ह्याचा फार फायदा होतो, मी स्वतः बिलांच्या शीटला असंच ठेवते.
दराची शीट वेगळी प्रोटेक्ट कर, एका शीटचं प्रोटेक्शन दुसरीला लागत नाही. पासवर्डमध्ये लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं, कुठंतरी लिहून ठेव.

निपाणीकर
ताईंनी बरोबर सांगितलंय, एक भर घालतो कारण आम्ही ह्यात आठवडाभर अडकलो होतो. दुसऱ्या फाईलमधनं कॉपी करून साधं पेस्ट केलं की आकड्याबरोबर त्या सेलचं लॉक पण येतंय, म्हणजे मोकळा सेल पेस्ट झाल्यावर बंद होतो आणि पोरं म्हणतात काल चालत होतं आज चालेना. पेस्ट स्पेशल मधनं व्हॅल्यूज एवढंच घ्यायला सांगा.
आणि लॉक केलं म्हणून चुकीचा आकडा थांबत नाही हं, ४.२ च्या जागी ४२ फॅट पडू शकतं. डेटा मध्ये डेटा व्हॅलिडेशन आहे, तिथं डेसिमल घेऊन तुमच्याकडच्या गाई-म्हशींच्या हिशेबानं कमीत कमी जास्तीत जास्त घाला.

खानापूरचा पोरगा
झालं ताई!! आजच्या सकाळच्या पाळीला लावलं, पोरं टॅब टॅब करत भरूलेत. पण फॉर्म्युले आधीच कुठं कुठं उडालेत ते शोधायचं कसं? तीनशेच्या वर ओळी आहेत.

टिळकवाडीची ताई
आधी अनप्रोटेक्ट कर. मग फक्त रकमेचा कॉलम सिलेक्ट करून एफ ५, स्पेशल, कॉन्स्टंट्स, खाली नंबर्सवर टिक ठेवून ओके. हातानं टाकलेले आकडे तेवढे सिलेक्ट होतात, त्यांना पिवळा रंग दे म्हणजे हरवणार नाहीत. वरच्या चांगल्या सेलचा फॉर्म्युला त्यात परत ओढ आणि पुन्हा प्रोटेक्ट कर. दराच्या कॉलमला पण असंच बघ. ओढायच्या आधी जुने आकडे कागदावर उतरवून घे, कुणाचं किती कमी-जास्त गेलंय ते त्यावरनंच निघेल.

खानापूरचा पोरगा
सापडले. अकरा ओळी निघाल्या, आजींची धरून चार जणांचं कमी गेलेलं. उद्याच्या बिलात घालूलोय.