अरबीचे ऐन, बडी हे, क़ाफ मराठी तोंडातून निंगत नाई, काय करावं?

पऱ्हाटी_आर्णी

मंडळी, तीन महिन्यांपासून मोबाईलवर पाहून अरबी शिकून रायलो. अक्षरं ओळखता येतात, जोडून वाचताबी येते. उच्चारात मात्र गाडी फसली. ऐन म्हणाले गेलो तं नुसता 'अ' निंगते, नाईतं ठसका लागते. बडी हे अन् छोटी हे, माया तोंडून दोन्ही आपला मराठी 'ह'च होते. क़ल्ब (हृदय) म्हणतो, तं बोलून टाईप करणारा मोबाईल कल्ब लिहिते, म्हणजे कुत्रा! साद अन् सीन, तोय अन् ते यातला फरक तं ऐकूच येत नाई, मंग बोलाचा कसा?

गावात शिकवणारं कोणी नाई. वावरातून आल्यावर रात्री अर्धा तास भेटते. कोणतं अक्षर आधी धरावं, किती वेळ करावं, अन् चुकलं हे एकट्याले कसं समजावं, ते सांगजा. पुढं सौदीत ड्रायव्हरीचं काम पाहाचं आहे. तिथं पुस्तकी उच्चार चालते का, हेबी सांगजा.

मकतब_बाळापूर

भाऊ, ऐनपासून सुरुवात करू नका. आधी ग़ैन, मग ख़ा, मग क़ाफ, त्यानंतर बडी हे आणि ऐन सगळ्यात शेवटी. पहिले तीन पडजिभेच्या आसपासचे आहेत, तिथं जीभ कुठं लागते ते जाणवतं. बडी हे आणि ऐन त्याच्या खाली, घशाच्या मधल्या भागातले. तिथं जीभ लागल्याचं कळत नाही, घसा आवळल्यासारखा फक्त वाटतो. म्हणून ते नवख्याच्या हाती लागत नाहीत.

गडव्यातलं एक घोट पाणी तोंडात घ्या, मान मागे टाका आणि गुळण्या करा. जो घरघर आवाज येतो, तोच ग़ैन. चार-पाच वेळा केल्यावर अर्धं पाणी थुंका आणि पुन्हा करा, मग थेंबभर पाण्यावर, मग कोरडं. आता मान सरळ करून तोच आवाज: ग़ा, ग़ी, ग़ू. जमला की त्यातला आवाज बंद करा आणि नुसता श्वास त्याच जागेतून घासत सोडा, तो ख़ा. मराठी 'ख' म्हणताना जीभ टाळूला चिकटून सुटते आणि हवेचा फटका बसतो, म्हणून 'ख' ताणता येत नाही. ख़ा श्वास संपेपर्यंत ताणता येतो. तोंडासमोर वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी धरून पाहा. 'ख' म्हटलं की पट्टी झटका खाते, ख़ा म्हटलं की हळूच झुकते आणि झुकलेलीच राहते.

तीच जागा पूर्ण बंद करून सोडली की क़ाफ. तोंड उघडं ठेवून 'अक्, अक्, अक्' म्हणा आणि दर वेळी जीभ जवभर मागे सरकवा. मडक्यावर टिचकी मारल्यासारखा पोकळ आवाज आला की तिथंच थांबा. इथं दोन चुका होतात. हवेचा फटका सोडला तर 'ख'कडे जातो आणि जागा नीट बंद झाली नाही तर ख़ा होतो. दखनी उर्दू बोलणारे क़लमला ख़लम म्हणतात, त्यांचं ऐकून शिकलात तर ही दुसरी चूक पक्की बसेल.

आता बडी हे. दोन बोटं कंठमण्यावर ठेवून 'हात' म्हणा. 'ह' सुरू होतानाच बोटांना थरथर लागते, कारण आपला मराठी 'ह' घोष आहे. अरबीतल्या दोन्ही 'ह'मध्ये ही थरथर नाही. आरशावर वाफ धरताना निव्वळ श्वासाचा 'हाऽ' करतो, ती छोटी हे. तोच श्वास घसा आतून थोडा आवळून सोडा. ठेच्याचा झणका बसल्यावर आपण 'हाऽऽ' करून हवा बाहेर ढकलतो, तसा. श्वास बारीक, कोरडा, टोकदार व्हायला हवा. खरखर आली म्हणजे तुम्ही वर ख़ाच्या जागी गेलात.

आता ऐन. बडी हे पाच सेकंद धरून ठेवा. आवळलेला घसा तसाच ठेवा, श्वास चालू, आणि मधेच आवाज जोडा. बोटांना एकदम थरथर लागेल, त्या क्षणी जे निघतं ते ऐन. तुम्हाला ठसका लागतो, कारण तुम्ही घसा पूर्ण बंद करता, आणि तो हमज़ा, म्हणजे वेगळंच अरबी अक्षर आहे. ऐनमध्ये घसा अरुंद होतो, बंद होत नाही. म्हणून ऐन ताणता येतो, हमज़ा कधीच ताणता येत नाही.

सलग अर्धा तास करू नका. दहा-दहा मिनिटं तीन वेळा करा. घसा दुखला तर जोर चुकीच्या जागी पडतोय, त्या दिवशी बोलणं थांबवून फक्त ऐका.

सातबारा_वाचक

वरच्या उत्तरात जागा नीट सांगितल्या आहेत. मी कानाबद्दल आणि लिहिण्याबद्दल सांगतो, कारण 'फरक ऐकूच येत नाही' ही तुमची तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

अरबी शब्द देवनागरीत लिहून पाठ करणं आधी सोडा. हमज़ाचा अमल म्हणजे आशा, ऐनचा अमल म्हणजे काम. देवनागरीत दोन्ही एकच दिसतात. तेचा तीन म्हणजे अंजीर, तोयचा तीन म्हणजे चिखल. नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका, क़, ख़, ग़, ज़, फ़ला वाचवतो, बाकीच्यांना नाही. लिहायचंच असेल तर साद, तोय अशा जड अक्षराभोवती गोल करा आणि ऐनच्या जागी स्वतःची एक खूण ठरवा.

दुसरा फसवा आधार उर्दूचा. उर्दू बोलताना से, सीन, स्वाद तिन्ही 'स' होतात, ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय चारही 'ज़' होतात, दोन्ही हे एक होतात आणि ऐन जवळजवळ विरून जातो. म्हणून शेजारचे चाचा अस्खलित उर्दू बोलतात म्हणून त्यांना अरबी उच्चार विचारू नका. तजवीद, म्हणजे कुराण शुद्ध उच्चारात वाचण्याचे नियम, शिकवणाऱ्यालाच विचारा.

जड अक्षरं चार: साद, दाद, तोय, ज़ोय. जिभेचं टोक हलक्या अक्षराच्याच जागी राहतं. बदलतो तो मागचा भाग, तो घशाकडे ओढला जातो आणि मध्यभाग खाली बसतो, म्हणजे जीभ ताटलीऐवजी वाटीसारखी होते. कान मात्र व्यंजनाकडे लावू नका, शेजारच्या स्वराकडे लावा. सीनचा सैफ (तलवार) आपल्या 'सैल'सारखा सुरू होतो, सादचा सैफ (उन्हाळा) 'सॉइफ'कडे झुकतो. मराठी माणूस इथं दोन प्रकारे चुकतो. तोयला 'ट' करतो, म्हणजे टोक वर वळवतो. किंवा 'स्वाद', 'ज़्वाद' या उर्दू नावांमुळे मधे 'व' घालतो आणि ओठ गोल करतो. आरशात ओठ हलले तर चुकलं. दाद आज अरबीत जड 'द'सारखा बोलतात, म्हणून आपला रमज़ान तिकडे रमदान. तजवीदमध्ये मात्र दाद जिभेच्या कडेनं, वरच्या दाढांना लावून काढतात.

से आणि ज़ालसाठी जिभेचं टोक दातांमध्ये दिसलं पाहिजे, आरसा पुरेसा आहे. सेचा 'थ' करू नका. 'थ'लाही कागदाची पट्टी उडते, सेला नाही.

आता सरावाचे शब्द. ते तुमच्या घरातच आहेत. शेतीच्या कागदांवर मौजा, तहसील, जिल्हा हे शब्द भेटतात. तिन्ही अरबी, आपल्या तोंडात घासून गुळगुळीत झालेले. मौजात मुळात दाद आणि शेवटी ऐन आहे. जिल्हा मूळ दिल्अ, दाद आणि ऐनच, अर्थ बरगडी किंवा बाजू. तहसीलमध्ये बडी हे आणि साद. हक्कमध्ये बडी हे आणि जोडक़ाफ, अर्जात ऐन आणि दाद, कायद्यात क़ाफ आणि ऐन, वसूलमध्ये साद, वारसच्या शेवटी से. खरीप म्हणजे ख़रीफ, शरद ऋतू. रब्बी म्हणजे रबीअ, वसंत. त्यातला शेवटचा ऐन आपण गाळला आणि 'ब' दुप्पट केला. अर्थ आधीच माहीत असल्यामुळे सगळं लक्ष उच्चारावर राहतं, आणि हे शब्द रोज दहादा कानावर पडतात.

एक गोष्ट अरबीची आपल्याला ओळखीची वाटेल. 8व्या शतकातल्या खलील इब्न अहमदनं अरबीचा पहिला मोठा कोश अलिफपासून लावला नाही. घशातल्या ऐनपासून सुरू करून ओठांपर्यंत आणला. आपली वर्णमालाही कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंत येते. त्याच वाटेनं घशात आणखी दोन पायऱ्या खाली उतरायचं, असं समजून चाला.

चूक समजण्यासाठी जोडीशब्दांचे आवाज उतरवून घ्या: क़ल्ब–कल्ब, सैफची जोडी, तीनची जोडी, अमलची जोडी. क्रम मिसळून वाजवा आणि कोणता होता ते वहीत लिहा. वीसपैकी अठरा बरोबर येईपर्यंत ती जोडी बोलूच नका. कानाला न दिसणारा फरक तोंड काढू शकत नाही. मोबाईलचं बोलून टाईप करणं वापरा, पण वाक्य बोलू नका. वाक्यात तो संदर्भावरून अंदाज बांधून चुकीचा उच्चारही बरोबर लिहितो. सुटा शब्द पाच वेळा बोला आणि किती वेळा बरोबर आला ते मोजा.

डायना_ड्रायव्हर_पुसद

सौदीचं सांगतो. तिथल्या रोजच्या बोलण्यात क़ाफचा बहुतेक 'ग' होते, क़हवा म्हणजे कॉफी, ते म्हणतात गहवा. दाद अन् ज़ोय आखातात बोलताना एकच होतात. कुवेत, अमिरातीकडं काही लोक 'ज'चा 'य' करतात. पण ऐन, बडी हे, साद, तोय कोणी सोडत नाई, म्हणून ते पक्के करा. क़ाफबी शिकाच. बोर्ड अन् कागद पुस्तकी भाषेतले असतात, रस्त्यावरच्या 'थांबा'च्या पाटीवर क़िफ लिहून असते.

ड्रायव्हरले ऱ्हस्व-दीर्घ लय महत्त्वाचं. मतर म्हणजे पाऊस, मतार म्हणजे विमानतळ, दोन्हीत तोय. मराठीत आपण बोलताना ऱ्हस्व-दीर्घाकडं पाहत नाई, तिथं दीर्घ स्वर मोजून दुप्पट ओढा. हमाम म्हणजे कबुतर, हम्माम म्हणजे न्हाणीघर. रोजचे शब्द हे घ्या: तरीक़ (रस्ता), शारिअ (गल्ली-सडक), सुरआ (वेग), यमीन (उजवीकडं), यसार (डावीकडं). सरळ जा म्हणाले 'सीदा' चालते, ते आपल्याच इकडून गेलं.

अन् 'ज' जपजा. अरबी 'ज' जिल्ह्यातला हाय, जमिनीतला नाई. ज़ैत (तेल) म्हणताना जिभेचं टोक वरच्या हिरडीले चिकटू देऊ नका, 'द'चा धक्का येते.

पऱ्हाटी_आर्णी

गुळण्यांनी ग़ैन लगेच निंगाला, ख़ाबी. बडी हे आरशावर जमून रायली. पण शारिअ, रबीअ यात शेवटचा ऐन गायबच होते. 'शारी' अन् 'रबी'च ऐकू येते. काहून?

मकतब_बाळापूर

शब्द संपला की आपण घसा लगेच सैल सोडतो, म्हणून. त्याच्यापुढं स्वर लावून सराव करा: शारिउ, शारिउ, शारिउ, ऐन मधे आला की सापडतो. वीस वेळा म्हटल्यावर शेवटचा 'उ' हळूहळू कमी करत न्या आणि घसा आवळलेला असतानाच आवाज थांबवा. रबीअमध्ये 'ई' म्हणताना जीभ वर-पुढे असते, ऐनला मुळासकट मागे यावं लागतं. जाताना मधे पुसट 'अ' ऐकू येतो. तो बरोबर आहे, त्याला दाबू नका.