जैव अभियांत्रिकी म्हणजे नेमके काय, आणि अकरावीला गणित घ्यावे की जीवशास्त्र?

तिलकनगर_इंदूर (प्रश्न)

सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार. माझी मुलगी यंदा दहावी उत्तीर्ण झाली असून अकरावीला गणित घ्यावे की जीवशास्त्र, याचा निर्णय आम्हाला लवकरच करायचा आहे. तिला दोन्ही विषय आवडतात, मात्र डॉक्टर होण्याची इच्छा नाही. शाळेच्या भेटीत तिने देवगुराडिया येथील ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी तयार करणारा प्रकल्प पाहिला, आणि तेव्हापासून जिवाणूंकडून असे काम करवून घेणाऱ्या लोकांनी नेमके काय शिकलेले असते, हा प्रश्न तिने लावून धरला आहे. नातेवाइकांपैकी कोणी बायोटेक म्हणतात, कोणी बायोमेडिकल, तर एकाने बायोलॉजिकल इंजिनीअरिंग असे नाव सांगितले. आम्हा दोघांचेही शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्यामुळे या नावांचा उलगडा आम्हाला होत नाही. हे सगळे एकच आहे की हे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत, आणि त्यांत गणित खरोखर किती लागते, हे या क्षेत्रातल्या जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

किण्वन_पिथमपूर

ताई, नमस्कार. मी रासायनिक अभियंता असून पिथमपूरच्या एका औषध कारखान्यात किण्वन विभागात, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवण्याच्या टाकीवर (फर्मेंटरवर), काम करतो. आपल्या मुलीचा प्रश्न इतका नेमका आहे की त्याचे उत्तर त्या प्रकल्पापासूनच सुरू करणे योग्य होईल.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या त्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याची आणि सुमारे १७,००० किलो बायो-सीएनजी देण्याची आहे. बंद टाकीत हवेशिवाय कुजण्याची ही क्रिया एका जातीच्या जिवाणूंचे काम नव्हे. पहिला गट पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे लहान रेणूंत तुकडे करतो, दुसरा त्यांपासून सेंद्रिय आम्ले बनवतो, तिसरा त्या आम्लांचे ॲसेटिक आम्ल आणि हायड्रोजन करतो आणि शेवटचा गट त्यांचा मिथेन करतो. अडचण या शेवटच्या गटाची असते. त्याची वाढ अतिशय मंद असते, त्याला ऑक्सिजन सोसत नाही आणि पीएच (आम्लतेचे माप, जे आम्ल वाढले की घसरते) सातच्या आसपास राहिला तरच तो नीट काम करतो. समजा लग्नसराईत मिठाई आणि उरलेला भात यांसारखा चटकन आंबणारा माल एकाएकी वाढला आणि तो सगळा टाकीत ओतला, तर आम्ल करणारे जिवाणू भराभर वाढतात, मिथेन करणाऱ्यांना ते आम्ल संपवता येत नाही, पीएच घसरतो आणि त्या घसरणीने मिथेन करणारे आणखीच मंदावतात. टाकी एकदा अशी आंबली की ती पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात.

इथे अभियंत्याचे काम सुरू होते. पीएच घसरलेला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, कारण टाकीतली क्षारता बराच काळ आम्ल शोषून घेत असते. म्हणून आम्ल आणि क्षारता यांचे गुणोत्तर नियमित मोजले जाते आणि ते चढू लागले की कचऱ्याचा भरणा कमी केला जातो. किती कमी करायचा, किती दिवस, आणि तोवर रोजचा येणारा माल कुठे ठेवायचा, हे हिशेबाने ठरवावे लागते. पुढे कच्च्या वायूत साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. उरलेल्यातला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड असतो आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड, जो इंजिनाचे धातूचे भाग खातो. हे दोन्ही काढून मिथेनचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर नेले की तो वायू वाहनात भरता येतो. सजीवांच्या गुणधर्मांचा असा मोजून-मापून उपयोग करणे आणि ठरलेले काम रोज, मोठ्या प्रमाणावर आणि सुरक्षितपणे होईल अशी रचना उभी करणे, याला मी जैव अभियांत्रिकी, म्हणजेच बायोलॉजिकल इंजिनीअरिंग, म्हणेन. त्यातल्या माझ्या शाखेला जैवरासायनिक किंवा बायोप्रोसेस अभियांत्रिकी म्हणतात.

या शाखेचा पाया पेनिसिलिनने घातला, असे म्हणता येईल. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ते १९२८ साली दिसले, फ्लोरी आणि चेन यांच्या ऑक्सफर्डमधील गटाने त्याचे औषधी मोल सिद्ध केले, परंतु उथळ भांड्यांत बुरशी वाढवून मिळणारे औषध मूठभर रुग्णांनाही पुरत नव्हते. उपाय होता खोल टाक्यांचा. पण या बुरशीला ऑक्सिजन लागतो, आणि नेहमीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात तो जेमतेम ७ ते ८ मिलिग्रॅम विरघळतो. दाट वाढलेली बुरशी एवढा ऑक्सिजन बघता बघता संपवते. म्हणून निर्जंतुक हवा सतत फुंकणे आणि ती ढवळून बारीक बुडबुड्यांत फोडणे आवश्यक ठरले. अशा टाक्यांच्या कारखान्याची रचना करण्यात मार्गारेट हचिन्सन रूसो या रासायनिक अभियंता स्त्रीचा मोठा वाटा होता, आणि फायझरचा ब्रुकलिनमधील कारखाना १९४४ साली सुरू झाला. आपल्याकडे पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली.

गणित किती लागते, याचे उत्तर याच टाकीत आहे. टाकीची लांबी, रुंदी आणि उंची दहापट केली तर आतला माल हजारपट होतो, पण भिंतीचे क्षेत्रफळ फक्त शंभरपट वाढते. जिवाणू वाढताना उष्णता सोडतात आणि ती बहुतांशी भिंतीतूनच बाहेर काढायची असते. त्यामुळे प्रयोगशाळेत सुरळीत चाललेली प्रक्रिया मोठ्या टाकीत तशीच चालेल, असे गृहीत धरता येत नाही. आत शीतनलिका किती घालायच्या, ढवळणी किती वेगाने फिरवायची, हे कलनशास्त्राशिवाय (कॅल्क्युलसशिवाय) सांगता येणार नाही. आपल्या मुलीने गणित सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपकरणकक्ष

वरील उत्तर उत्तम आहे. त्यात मी फक्त बायोमेडिकलची बाजू जोडते, कारण रुग्णालयातली उपकरणे हा माझा विषय आहे आणि आपल्या इंदूरच्या एसजीएसआयटीएस या अभियांत्रिकी महाविद्यालयात ही शाखा शिकवलीही जाते.

बायोमेडिकल म्हणजे रुग्णालयातली यंत्रे दुरुस्त करणे, असा एक समज आहे. तो काम फारच लहान करून टाकतो. साधा ईसीजी घ्या. हृदयाचा जो विद्युत संकेत त्वचेवर पोहोचतो तो सुमारे एक मिलिव्होल्ट असतो. त्याच वेळी शरीरावर घरगुती विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाट चढलेला असतो आणि इलेक्ट्रोड जिथे त्वचेला टेकतो तिथे स्वतंत्रच विद्युतदाब निर्माण होतो, जो मूळ संकेतापेक्षा कितीतरी मोठा असतो. उजव्या पायाला लावलेला इलेक्ट्रोड हृदयाचे काही मोजण्यासाठी नसून हा गोंगाट कमी करण्यासाठी असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हृदय, त्वचा आणि इलेक्ट्रॉनिक्स या तिन्हींची जाण असल्याखेरीज असे यंत्र घडत नाही.

दुसरे उदाहरण अभिमानाने सांगावेसे वाटते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वल्यथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाची कृत्रिम झडप तयार झाली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. हृदयाचे ठोके दिवसाला सुमारे एक लाख, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक. झडपेची चकती तितक्या वेळा उघडते आणि मिटते. ती झिजता कामा नये, तिच्यावर रक्त गोठता कामा नये आणि रक्तपेशी चिरडता कामा नयेत. आधीचे नमुने चाचण्यांत टिकले नाहीत. शेवटी अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची चकती उपयोगी पडली. यात पदार्थविज्ञान आहे, द्रवगतिकी आहे आणि शल्यचिकित्साही आहे. सांधे, हाडे आणि कृत्रिम अवयव यांवरील भारांचा अभ्यास करणारी जैवयांत्रिकी याच घरातली.

तिलकनगर_इंदूर

आपणा दोघांचे मनापासून आभार. मुलीने दोन्ही उत्तरे वाचली. आता तिचा पुढचा प्रश्न असा, की जनुके बदलण्याचे काम यात येते का, आणि बायोटेक्नॉलॉजी व जैव अभियांत्रिकी या दोन पदव्यांत प्रत्यक्ष फरक काय पडतो?

सिमरोल_रस्ता

ताई, मी या विषयात संशोधन करते. जनुकीय अभियांत्रिकी यात निश्चित येते, आणि इन्सुलिनच्या उदाहरणातून आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतील.

पूर्वी मधुमेहाच्या रुग्णांना गाईच्या किंवा डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन दिले जाई. मानवी इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन असून त्यात २१ आणि ३० अशा दोन साखळ्या असतात. १९७८ साली जेनेनटेक या कंपनीने सिटी ऑफ होप या संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या साहाय्याने या साखळ्यांची जनुके प्रयोगशाळेत रासायनिक रीतीने जोडून तयार केली आणि ती ई. कोलाय जिवाणूत घातली. जनुक असे कृत्रिमरीत्या बांधण्याचा मार्ग हरगोविंद खुराना यांच्या कार्याने आधीच खुला केला होता, हे आपल्याकडच्या मुलांना आवर्जून सांगायला हवे. दोन साखळ्या दोन वेगळ्या जिवाणूंमध्ये तयार करून, शुद्ध करून, मग योग्य जागी जोडण्यात आल्या. १९८२ साली अमेरिकेत हे औषध विक्रीस मान्य झाले.

कोणते जनुक घालायचे, ते जिवाणूत टिकेल का, प्रथिनाची घडी नीट बसेल का, हे प्रश्न प्रामुख्याने बायोटेक्नॉलॉजीचा आणि रेणवीय जीवशास्त्राचा विद्यार्थी हाताळतो. तो जिवाणू हजारो लिटरच्या टाकीत वाढवणे, लाखो इतर रेणूंमधून इन्सुलिन वेगळे काढणे आणि प्रत्येक कुपीत तीच शुद्धता राखणे हे अभियंत्याचे काम. व्यवहारात ही सीमारेषा पुसट आहे आणि महाविद्यालये नावे आपापल्या सोयीने देतात. आयआयटी मुंबईत बायोसायन्सेस अँड बायोइंजिनीअरिंग, तर आपल्या आयआयटी इंदूरमध्ये बायोसायन्सेस अँड बायोमेडिकल इंजिनीअरिंग असा विभाग आहे. म्हणून नावावर जाऊ नये, अभ्यासक्रम उघडून पाहावा. उष्मागतिकी, द्रवगतिकी, उष्णता व वस्तुमान संक्रमण आणि नियंत्रण प्रणाली हे विषय त्यात असतील तर ती अभियांत्रिकी आहे. ते नसतील आणि सूक्ष्मजीवशास्त्र, प्रतिकारशास्त्र, जनुकशास्त्र यांवर भर असेल, तर तो विज्ञानाचा अभ्यासक्रम आहे. तोही तितकाच मोलाचा असतो, फक्त आपण कशाला प्रवेश घेत आहोत ते आधी कळलेले बरे.

जनुकांच्या कामाला २०१२ नंतर मोठा वेग आला. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी जनुक हव्या त्या जागी कापून बदलण्याची क्रिस्पर-कॅस९ ही पद्धत मांडली आणि २०२० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. जनुकांची जुळवणी करून पेशीकडून पूर्वी नसलेले काम करवून घेणारे संश्लेषी जीवशास्त्र याच वाटेवर उभे आहे. अशा बदललेल्या सजीवांवर काम करताना आपल्याकडे १९८९ चे नियम लागू होतात आणि प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. ही बंधने मला जाच वाटत नाहीत, कारण सजीव वस्तू वाढते आणि पसरते.

मला सर्वांत ओढ आहे ती ऊती अभियांत्रिकीची. पेशींना जाळीदार आधारावर वाढवून त्वचा किंवा कूर्चा तयार करता येते. मग यकृत किंवा मूत्रपिंड अजून का जमत नाही? जिवंत ऊतीत ऑक्सिजन केशवाहिनीपासून फक्त १०० ते २०० मायक्रोमीटरपर्यंत नीट पोहोचतो. त्यापलीकडच्या पेशी गुदमरून मरतात. त्वचा पातळ असते आणि कूर्चेची ऑक्सिजनची गरज अल्प असते, म्हणून तिथे यश लवकर आले. जाड अवयवात रक्तवाहिन्यांचे जाळेच आधी विणावे लागते. वर पेनिसिलिनच्या टाकीत जो ऑक्सिजनचा प्रश्न होता, तोच इथे दुसऱ्या मापात उभा राहतो, आणि तो सोडवणारी समीकरणेही त्याच कुळातली आहेत.

संगणकाची आवड असेल तर जनुके आणि प्रथिने यांच्या माहितीचे संगणकाने विश्लेषण करणारे जैवमाहितीशास्त्र आहे. प्रथिनांची रचना क्ष-किरणांनी उलगडायची असेल, तर आपल्याच शहरात राजा रामण्णा संशोधन केंद्रातील इंडस-२ या तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर (सिंक्रोट्रॉनवर) त्यासाठी स्वतंत्र किरणवाहिनी आहे.

गणिताबाबत मी पिथमपूरच्या दादांशी सहमत आहे, मात्र जीवशास्त्र सोडून द्यावे, हे मला पटणार नाही. पेशीची ओळख नंतर करून घेता येते खरी, परंतु शाळेत ती आवड टिकली नाही तर मुले पुढे जीवशास्त्राचे पेपर केवळ पाठांतराने काढतात.

किण्वन_पिथमपूर

सिमरोलच्या ताईंचे म्हणणे मान्य आहे. मी जीवशास्त्र सोडा असे सुचवले नव्हते, पण तसा अर्थ निघू शकतो हे खरे.

ताई, प्रवेशाची बाजू थोडक्यात सांगतो. जेईई मेनच्या बी.टेक.च्या पेपरात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असते, त्यामुळे बारावीला गणित नसेल तर आयआयटी, एनआयटी यांसारख्या संस्थांची वाट बंद होते. काही खासगी महाविद्यालये जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बायोटेक्नॉलॉजीच्या बी.टेक.ला घेतात, पण पहिल्या वर्षी गणित शिकावे लागतेच आणि ते जड जाते. गणित मुख्य विषय आणि जीवशास्त्र अतिरिक्त विषय, अशी रचना तिच्या मंडळात शक्य असल्यास तीच घ्यावी. अतिरिक्त विषय फारच जड वाटला, तर निर्णय बदलण्याची शेवटची तारीख कोणती, हे शाळेत आधीच विचारून ठेवावे. पदवीनंतर एम.टेक. प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत बायोटेक्नॉलॉजी आणि बायोमेडिकल असे दोन वेगळे पेपर आहेत. रासायनिक, यांत्रिकी किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन या क्षेत्रात पदव्युत्तर शिक्षणाला येणारेही अनेक असतात. मी स्वतः तसाच आलो. म्हणून अठराव्या वर्षीच नेमकी शाखा मिळाली पाहिजे, असा आग्रह धरू नये.

आपली मुलगी तो प्रकल्प पुन्हा पाहू शकली, तर तिथल्या प्रयोगशाळेत आम्ल आणि क्षारता यांची नोंदवही दाखवायची विनंती करावी. रोजचे आकडे, आणि त्यांच्यापुढे त्या दिवशी किती माल भरला याची नोंद, हे शेजारी-शेजारी पाहिले की या कामात जीवशास्त्र कुठे आहे आणि गणित कुठे, हे तिला स्वतःलाच कळेल.