मदत हवी आहे : दोघांचीही नोकरी गेली, यूकेच्या केअरर व्हिसासाठी १४ लाख भरावेत का?

वाघोडिया_रोड
नमस्कार. आम्ही दोघंही सध्या घरी बसून आहोत. बडोद्यात पंधरा-सोळा हजारांच्या वर कोणी बोलायला तयार नाही. अलकापुरीतला एक कन्सल्टंट म्हणतो, हिचा यूकेचा केअरर (वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांचा) व्हिसा काढू, तुम्ही डिपेंडंट म्हणून सोबत जा, तिथे कुठेही काम करता येईल. दोघांचे मिळून १४ लाख. त्यातले ३ लाख शुक्रवारपर्यंत भरायचे, नाहीतर जागा जाते म्हणे. भरू की नको एवढं सांगा. आणि यूके नाही तर कुठला देश? "इथेच बघा" असं कृपया सांगू नका, ते करून झालंय.

रावपुरा
दोघांचं शिक्षण काय, वय काय, कुठल्या कामाचा किती अनुभव? यातलं काहीच लिहिलेलं नाही. पासपोर्ट आहेत का? मुलंबाळं?

कागदपत्र
बाकी माहिती नंतर द्या, पण शुक्रवारी एक रुपयाही देऊ नका. यूकेने परदेशातून नवे केअरर घेणं २२ जुलै २०२५ पासून बंद केलं आहे. त्याआधीच, ११ मार्च २०२४ पासून, केअररला नवरा-बायको-मुलं सोबत न्यायची परवानगी काढून घेतली होती. म्हणजे तुम्हाला सांगितलेल्या दोन्ही गोष्टी आज होऊच शकत नाहीत. "स्पॉन्सरशिप" म्हणून एखादा रंगीत कागद दाखवतील, त्याला भुलू नका. ते सर्टिफिकेट म्हणजे मुळात एक नंबर असतो, तो परवानाधारक मालकच काढू शकतो. असे मालक कोण, याची यादी यूके सरकारच्या वेबसाइटवर कोणालाही फुकट बघता येते.

वाघोडिया_रोड
बापरे. बरं. मी आयटीआय, ११ वर्षं केमिकल प्लांटमध्ये. ही जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आहे. पासपोर्ट दोघांचे आहेत. आता देश सांगा.

वॉर्डसिस्टर
अहो दादा, वहिनी जीएनएम आहेत आणि त्यांना केअररच्या व्हिसावर पाठवायला निघाला होता तो माणूस? नर्स आणि केअरर हे यूकेत दोन वेगळे रस्ते आहेत. नर्सचा रस्ता चालू आहे आणि त्यावर नवरा व मूल दोघांना नेता येतं. पण तो पैसे भरून होत नाही, परीक्षा देऊन होतो. आधी इंग्रजी: आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिकमध्ये वाचन, ऐकणं, बोलणं प्रत्येकी ७ आणि लेखन ६.५, किंवा ओईटीमध्ये (आरोग्यक्षेत्रातल्यांची इंग्रजी परीक्षा) तिन्हीत बी आणि लेखनात सी प्लस. नर्सला ओईटी बरी पडते, कारण पेपर पेशंटच्या नोंदींवर आणि रेफरलच्या पत्रावर असतो. मग एनएमसीची (यूकेच्या नर्सिंग कौन्सिलची) सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा, फी ८३ पौंड. तिच्यात औषधांच्या मात्रांचं गणित वेगळं आणि नर्सिंगचे प्रश्न वेगळे, दोन्ही भाग पास व्हावे लागतात. शेवटची ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, तिथे जाऊन द्यायची, ७९४ पौंड. घेणारं हॉस्पिटल बऱ्याचदा हा खर्च उचलतं. मात्र तिथल्या जागा पूर्वीपेक्षा खूप कमी झाल्यात, हेही धरून चाला.

त्यांचा अनुभव किती? शेवटची ड्यूटी कधी केली? रजिस्ट्रेशन रिन्यू आहे का?

कॅलिब्रेशन
आयटीआय कुठल्या ट्रेडमधून? फिटर, वेल्डर, एओसीपी (केमिकल प्लांटचा अटेंडंट ऑपरेटर), आयएमसीपी (केमिकल प्लांटचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक)? सर्टिफिकेट एनसीव्हीटीचं (केंद्राचं) की जीसीव्हीटीचं (गुजरातचं)? कंपनीच्या रोलवर होता की कॉन्ट्रॅक्टरच्या? "केमिकल प्लांट" एवढ्यावरून काय सांगणार?

वाघोडिया_रोड
आयएमसीपी, एनसीव्हीटी. कॉन्ट्रॅक्टरकडून होतो, ११ वर्षांत तीन कॉन्ट्रॅक्टर बदलले पण प्लांट तोच. वय ३३. हिचा ४ वर्षांचा अनुभव आयसीयूचा, मग मुलगा झाला तेव्हा सोडलं. मध्ये सहा महिने एका नर्सिंग होममध्ये होती, तेही बंद पडलं. हातात साधारण ६ लाख आहेत.

रावपुरा
म्हणजे मुलगा आहे, हे आता कळतंय! तो कोणाजवळ राहणार यावर अर्धा निर्णय अवलंबून आहे.

कॅलिब्रेशन
आयएमसीपी आणि ११ वर्षं असतील तर सरळ आखात. अबुधाबी, सौदी, कतार, ओमान, सगळीकडे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन लागतात. आणि हा रस्ता सर्वात स्वस्त आहे. एजंट ईमायग्रेटवर (भारत सरकारच्या पोर्टलवर) नोंदलेला हवा. कायद्याने तो तुमच्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेऊ शकतो, तेही पावतीवर. त्याचा परवाना चालू आहे की निलंबित, ते पोर्टलवर दिसतं. कंपनीचं डिमांड लेटर (किती माणसं हवीत याचं पत्र) बघायला मागा.

खरी अडचण ट्रेड टेस्टची, म्हणजे कामाच्या परीक्षेची. रोज करत असलेलं काम तोंडाने सांगता येत नाही म्हणून लोक पडतात. ४-२० मिलिअँपमध्ये ५० टक्क्यांना १२ हे सगळे सांगतात. पुढचा प्रश्न असतो: ओरिफिसवर डीपी (दाबातला फरक मोजणारा) ट्रान्समीटर आहे, स्क्वेअर रूट ट्रान्समीटरमध्ये लावलेला नाही, फ्लो ५० टक्के, तर आउटपुट किती? उत्तर ८, कारण अर्ध्या फ्लोला डीपी पाव होतो. लेव्हल ट्रान्समीटरला वेट लेग (द्रवाने भरलेली नळी) असेल तर झिरो खाली का सरकवायचा, कंट्रोल व्हॉल्व्ह स्ट्रोक करताना २५-५०-७५ ला चढताना आणि उतरताना फरक आला तर आधी काय बघाल (ग्लँड पॅकिंग की पोझिशनरचा फीडबॅक आर्म), ट्रान्समीटर हातात घेण्याआधी लूप मॅन्युअलवर घ्यायला कोणाला सांगाल, हे सगळं पाठ नव्हे, समजून तयार करा. बायोडेटात "मेंटेनन्सचं काम केलं" असं लिहू नका. ट्रान्समीटर कुठल्या कंपनीचे, डीसीएस (प्लांटची कंट्रोल सिस्टीम) कुठली, किती शटडाऊन, हार्ट कम्युनिकेटर वापरलाय का, ते लिहा.

वॉर्डसिस्टर
म्हणजे दादांनी एकट्याने जायचं आणि वहिनींनी पोरगं सांभाळत बसायचं? त्यांचा प्रश्न दोघांचा आहे. नर्सिंगचा डिप्लोमा घरात असताना तो बाजूला ठेवणं मला पटत नाही.

कॅलिब्रेशन
बाजूला ठेवा म्हणत नाही. आधी एकाचा पगार सुरू होऊ दे. यूएईत फॅमिली न्यायला ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहायला जागा, एवढंच लागतं. तेवढा झाला की बायको-मूल जाऊ शकतं आणि तिला तिथे लायसन्स काढून नोकरीही करता येते.

वॉर्डसिस्टर
लायसन्स काढून! ते दोन शब्दांत होत नाही. डेटाफ्लो म्हणजे प्रत्येक कागद जिथून निघाला तिथे विचारून खात्री करतात. नर्सिंग स्कूल, कौन्सिल, हॉस्पिटल. बंद पडलेल्या नर्सिंग होमचं पत्र पडताळायला कोणी उत्तरच दिलं नाही तर तो अनुभव गेला. मग परीक्षा. आणि लायसन्स देणारे अलीकडचा सलग अनुभव बघतात, वहिनींचा गॅप तिथेच नडतो. म्हणून माझं म्हणणं, देश ठरेपर्यंत वहिनींनी बडोद्यातच वॉर्डची ड्यूटी पकडावी, पगार १५ हजार असला तरी. तो पगार म्हणून बघू नका, गॅप भरायचं साधन म्हणून बघा. "इथेच बघा" म्हणू नका असं तुम्ही लिहिलंय, पण हे वेगळं आहे.

आणखी एक. नर्स आखातात जाणार असेल तर पासपोर्ट ईसीएनआर (एमिग्रेशन चेकची गरज नसलेला) असला तरी एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. साधा एजंट "गरज नाही" म्हणाला तर त्याला माहीत नाही किंवा तो लपवतोय.

र्‍हाइनकाठ
आखातात आयुष्यभर राहता येत नाही, हे कोणीच का बोलत नाही? जर्मनीचं चान्सनकार्ट (नोकरी शोधायला जायचा व्हिसा) बघा, १ जून २०२४ पासून सुरू आहे. दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण चालतं, तुमचं आयएमसीपी दोन वर्षांचंच आहे. ६ गुण लागतात: वय ३५ च्या आत, २ गुण. गेल्या ७ वर्षांत ५ वर्षं त्याच कामाचा अनुभव, ३ गुण. जोडीदारही पात्र असून सोबत अर्ज केला तर १ गुण. झाले सहा.

कागदपत्र
गुण बरोबर मोजलेत, पैसे सांगितले नाहीत. चान्सनकार्ट ही नोकरी नव्हे, नोकरी शोधायची परवानगी आहे, एक वर्षाची, तोवर आठवड्याला २० तास काम. जगण्यापुरते पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीकच काढता येणारं खातं) दाखवायचे, २०२५ चा आकडा महिना १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ आणि तेही माणशी. दोघांचे २५ लाखांच्या वर जातात, यांच्याकडे ६ आहेत. शिवाय भाषा: जर्मन ए१ (सुरुवातीची पातळी) किंवा इंग्रजी बी२ (बरीच वरची). आणि या कार्डावर मूल सहसा नेता येत नाही. घरावर कर्ज काढून हा जुगार खेळू नये.

र्‍हाइनकाठ
मग नर्स म्हणून जावं. तिथे ब्लॉक्ड अकाउंट नाही, मालक आधी ठरतो. जर्मन बी१ ला व्हिसा, बी२ ला पूर्ण मान्यता. भाषेचा आणि विमानाचा खर्च उचलणारी हॉस्पिटलं आहेत, नर्सकडून पैसे मागायचे नाहीत हा तिथल्या चांगल्या भरती संस्थांचा नियमच आहे. नवरा मागून फॅमिली व्हिसावर जातो आणि त्याला कामाची मुभा असते. बी२ ला रोज चार तास बसून ९ ते १२ महिने धरा.

सयाजीबाग
जर्मन आपल्या बडोद्याच्या युनिव्हर्सिटीत शिकवतात की! फॅकल्टी ऑफ आर्ट्समध्ये, फीही कमी.

र्‍हाइनकाठ
शिकायला उत्तम, जरूर जा. पण व्हिसाला विद्यापीठाचा डिप्लोमा चालत नाही. गोएथे, टेल्क किंवा ओएसडीची परीक्षा द्यावी लागते. आणि कागदांवर आपल्या परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल (परदेशासाठी कागद खरा असल्याचा शिक्का) करून ठेवाल तर जर्मनीला त्याचा उपयोग नाही, भारताचं अपोस्टिल ते मानत नाहीत. दूतावास सांगेल तेव्हाच आणि तसंच करा. एजंट आधीच अपोस्टिलचे पैसे लावतात.

तुळजाई
कॅनडाचं का नाही? वहिनींनी तिथे कॉलेजला प्रवेश घ्यायचा, दादांना ओपन वर्क परमिट (कुठल्याही मालकाकडे कामाची परवानगी) मिळतं.

कागदपत्र
२१ जानेवारी २०२५ पासून ते फक्त १६ महिने किंवा जास्तीच्या मास्टर्सला, पीएचडीला आणि मोजक्या व्यावसायिक कोर्सेसना राहिलंय. जीएनएमनंतरच्या कॉलेज डिप्लोमावर नवऱ्याला परमिट मिळत नाही. ही जुनी माहिती अजून दुकानांत विकली जाते.

आठवले_मसाले
दुबईला जाणार असाल तर सामानात खसखस अजिबात नेऊ नका. तिथे ती अमली पदार्थात धरतात. घरचा गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि अनारसे यात ती असू शकते, आई-सासूबाई प्रेमाने बांधून देतात. खोकल्याचं कोडिनवालं औषध आणि ट्रॅमाडॉलही नको.

रावपुरा
उपयोगी आहे, पण अजून तिकीट लांब आहे. पासपोर्ट ईसीआर आहे की ईसीएनआर, हे धागाकर्त्याने अजूनही सांगितलेलं नाही.

वाघोडिया_रोड
आत्ता कपाटातून काढून बघितला. माझ्यावर "एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड" (ईसीआर) असा शिक्का आहे. हिच्यावर नाही. पण हिच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे आणि मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर माझं नाव मध्ये. हे अडेल का?

कागदपत्र
अडेल, पण सुटण्यासारखं आहे. तुमचा शिक्का आधी. दहावी पास असाल तर तुम्ही ईसीएनआरला पात्र आहात, अर्ज करताना दहावीचा कागद जोडला गेला नसेल एवढंच. री-इश्यूचा अर्ज करा, ३६ पानांचे १,५०० रुपये, बडोद्याच्या सेवा केंद्रात होतं. तत्काळचे २,००० जादा भरायची घाई नको.

वहिनींचं नाव मात्र बदलू नका. पासपोर्ट आणि मार्कशीट दोन्हीकडे माहेरचंच नाव आहे ही चांगली गोष्ट आहे, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदीतही तेच आहे का बघा. आडनाव पुढे-मागे आहे त्याला एक प्रतिज्ञापत्र पुरतं. जुळत नाही ते आधार, ते पासपोर्टप्रमाणे करून घ्या. आणि महापालिकेचं लग्नाचं सर्टिफिकेट इंग्रजीत काढून ठेवा, फॅमिली व्हिसा त्याच्याशिवाय होत नाही. मुलाचा पासपोर्ट आहे?

वाघोडिया_रोड
नाही.

कागदपत्र
मग त्याच्या पासपोर्टचाही अर्ज टाका.

कॅलिब्रेशन
आणि ऑफर आली की एकूण आकडा बघून सही करू नका, बेसिक बघा. यूएईत ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकवर असते. ३,२०० पैकी बेसिक १,८०० असेल तर वर्षाचे १,२६० दिरहम, सगळं बेसिक असेल तर २,२४०. छातीचा एक्स-रे आत्ताच एकदा खासगीत काढून बघा. टीबीचा जुना डाग निघाला तर आखाताच्या मेडिकलमध्ये अनफिट करतात, आणि ते ट्रेड टेस्ट पास झाल्यावर कळणं फार वाईट.

वाघोडिया_रोड
कन्सल्टंटला "नको" म्हणून सांगितलं. लगेच ३ चे १ लाखावर आला. नाही भरले. हिने ओईटी आणि जर्मन दोन्हीचं पुस्तक मागवलंय, एक ठरवेल. सोमवारपासून कारेलीबागेत एका हॉस्पिटलला रात्रपाळी मिळतेय, ती घेणार. मी आखातासाठी तयारी करतो. फक्त एक अडचण, पहिला कॉन्ट्रॅक्टर आता धंद्यात नाही, त्याचं अनुभवपत्र कुठून आणू?

कॅलिब्रेशन
पीएफची सर्व्हिस हिस्टरी आणि पासबुक डाउनलोड करा. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच असेल तर तिन्ही कॉन्ट्रॅक्टरांची नावं आणि महिने त्यात दिसतात, बंद पडलेल्याचेही. शेवटच्या कॉन्ट्रॅक्टरकडून अनुभवपत्र लेटरहेडवर घ्या: रुजू तारीख, सोडल्याची तारीख, पद "इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन" (हेल्पर किंवा वर्कर नको), कुठल्या प्लांटवर तैनात, सही करणाऱ्याचं नाव, लँडलाइन आणि कंपनीचा ईमेल. जीमेलचा पत्ता असेल तर पडताळणीत अडकतं. प्लांटच्या इन्स्ट्रुमेंट इंजिनिअरने गेटपासचा जुना रेकॉर्ड दिला तर तोही जोडा.