मदत हवी आहे: सिनेमासाठी ६५ इंची टीव्ही, ओएलईडी की मिनी-एलईडी?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. दरवर्षी इफ्फीला (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला) पणजीत जातो, आणि पडद्यावर पाहिलेला काळोख घरच्या जुन्या एलईडीवर राखाडी दिसतो तेव्हा फार वाईट वाटतं. आता एकदाच खर्च करून चांगला टीव्ही घ्यायचा आहे. सोफा ते भिंत अंतर साधारण ९ फूट.

मिनी-एलईडी म्हणजे पडद्यामागे बारीक दिव्यांचे गट असलेला एलसीडी, पण मन ओएलईडीकडे ओढतंय. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतःच विझतो, त्यामुळे रात्रीच्या दृश्यात मेणबत्तीभोवती धुरकट वलय येत नाही. अडचण अशी की हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी आहे, दुपारी ऊन थेट समोरच्या भिंतीवर येतं. क्यूडी-ओएलईडीचे (रंगांसाठी क्वांटम डॉटचा थर असलेला ओएलईडी) रंग दुकानात पाहून हरखलो, पण उजेडात त्याचा काळा रंग जरा फिकट पडतो, हेही तिथेच दिसलं. शिवाय असे टीव्ही विकणाऱ्या सॅमसंगमध्ये डॉल्बी व्हिजन (दृश्यागणिक उजेड आणि रंग जुळवणारं तंत्र) नाही. एलजी आणि सोनीच्या ओएलईडीत आहे.

खरी काळजी आईची. ती दिवसभर बातम्या लावते, खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो तासन्‌तास तसाच. पॅनेलवर त्याचा डाग उमटेल का? त्यापेक्षा मिनी-एलईडीच बरा का?

गोव्यात कुणी ओएलईडी २-३ वर्षं वापरलाय का? पावसाळ्यातली दमट हवा आणि सारखी जाणारी वीज यात कसा टिकला? स्टॅबिलायझर लावलात की फक्त सर्ज प्रोटेक्टर? चतुर्थीआधी घ्यायचा आहे, अनुभव जरूर सांगा.