आजोळ ग्रुप: मुक्ता जर्मनीतल्या हायडलबर्गच्या किल्ल्यावर

मुक्ता: फोटो टाकलेत, सगळ्यांनी नीट बघा 🙏 रोज जुन्या पुलावरून जाताना वर दिसायचा, शेवटी काल पेपर संपला तशी गेलेच. वर जायला दोराने ओढतात ती छोटी रेल्वे आहे पण मी पायीच चढले

आई: एकटीच गेलीस? थंडी असेल ना गं

मुक्ता: अगं मैत्रीण होती, टोपी पण घातली होती

मामा: तो बुरूज मधूनच चिरल्यासारखा का दिसतोय

मुक्ता: मामा तेच तर सांगायचंय!! त्यात दारूगोळा ठेवायचे. १६९३ ला फ्रेंचांनी सुरुंग लावला पण भिंत साडेसहा मीटर जाड, त्यामुळे चुरा झालाच नाही, अख्खी फोड सुटून खाली खंदकाकडे सरकली आणि आजही तशीच तिरकी पडलीये, फणस फोडल्यावर आतलं दिसतं तशा आतल्या कमानी उघड्या दिसतात. मी अर्धा तास तिथेच बसले होते. त्याआधी २ मार्च १६८९ ला त्यांनी किल्ल्याला आणि गावाला आग लावली होती

आजोबा: मार्च १६८९? त्याच महिन्यात शंभूराजांची हत्या झाली. आणि त्याच वर्षी रायगड मोगलांकडे गेला.

मुक्ता: आजोबा मला तिथे उभ्या उभ्या हेच आठवलं, काटाच आला अंगावर. आजूबाजूला कुणाला सांगणार, म्हणून लगेच ग्रुपवर आले

मामी: मग पुन्हा बांधला नाही का त्यांनी

मुक्ता: थोडा बांधला होता मामी, राजा परत राहायला येणार होता, तेवढ्यात १७६४ ला वीज पडून पुन्हा जळला. मग गावातले लोक घरं बांधायला दगड नेऊ लागले. १८१० ला ग्रँबेर्ग नावाचा एक फ्रेंच माणूस आला, चित्रं काढायचा, तो इथेच राहिला आणि त्याने लोकांना दगड नेऊ दिले नाहीत. फ्रेंचांनीच पाडला आणि फ्रेंच माणसानेच वाचवला बघा

दादा: ते मोठं पिंप कसलं आहे

मुक्ता: वाइनचं, १७५१ चं, २ लाख लिटरच्या वर मावते. शेतकरी कर म्हणून वाइन द्यायचे ती सगळी त्यात ओतायचे. वर जिना आहे, चढून बघता येतं

मामा: आपल्याकडे हल्ली म्हणतात रायगडावरचा वाडा होता तसा उभा करा. तिकडे काय करतात

मुक्ता: इथे यावर खूप भांडण झालं होतं म्हणे. १९०० च्या सुमारास एक महाल दुरुस्त केला, बाकीचं पडकंच ठेवायचं ठरलं, फक्त आहे ते ढासळू द्यायचं नाही. मला तेच पटतं, नवीन बांधलं की जळल्याची खूणच राहत नाही

आजोबा: मला नाही पटत. १८१८ साली इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, वाडा जळला. आता चौथरे बघून लहान मुलांना काय कळणार? एखादी तरी इमारत उभी हवी.

मुक्ता: पण आजोबा, वाडा नक्की कसा दिसायचा ते आपल्याला कुठे माहितीये. तुम्हीच मला पाचवीत असताना होळीच्या माळावर बसवून बाजारपेठेत कुठे काय होतं ते सांगितलं होतं, आणि मला सगळं दिसलं होतं

आजोबा: हो. आठवतं. ऊन फार होतं त्या दिवशी.

आई: तेव्हा हिला ताप आला होता घरी आल्यावर

आजोबा: मुक्ता, पुन्हा जाशील तेव्हा त्या पडलेल्या फोडीचा अगदी जवळून फोटो काढ. दगडांच्या मधला चुना दिसला पाहिजे.

मुक्ता: रविवारी जाते आजोबा, व्हिडिओ कॉलच करते. तुमच्याकडे दुपार असेल, झोपू नका 🙏